बॉल खुली, चेंडू मोकळा

'आउट' हा शब्द आपल्याकडे क्रिकेटने कायमचा ताब्यात घेतला आहे. गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. आउट म्हणजे तुझी पाळी संपली, बॅट दे आणि बाजूला हो. नॉट आउट म्हणजे काही झालेलं नाही, खेळ चालू ठेवा. आमच्या घरात मराठी, उर्दू आणि दोघींच्या मधली एक दख्खनी अशा तीन भाषा नांदतात. तिन्हींमध्ये हा शब्द याच अर्थाने बसला आहे.

रग्बीत मात्र आउट होतो तो खेळाडू नव्हे, चेंडू. आणि चेंडू आउट झाला की काही संपत नाही, उलट तिथून समोरच्या संघाला धावून जायची परवानगी मिळते. क्रिकेटच्या अर्थाच्या बरोबर उलटा हा मामला आहे. माझ्यासारख्या भाषा शिकवणाऱ्या बाईने या भानगडीत पडायचं कारण नव्हतं. पण मुलींचा संघ शाळेबाहेर खेळायला जायचा असला की सोबत एक शिक्षिका लागते, आणि आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत ती बहुतेक वेळा मीच असते. आमचे पी.टी.चे सर कोल्हापूरकडचे. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त बरोबर या, बाकी मी बघतो." गेली तीन वर्षं मी अशी 'फक्त बरोबर' जाते. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सहामाहीचे पेपर तपासते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेंडू घेऊन पळणारीला समोरची खेळाडू मिठी मारून खाली पाडते, याला टॅकल म्हणतात. खाली पडलेलीने चेंडू सोडायचा असतो. मग दोन्ही बाजूंच्या मुली येतात आणि पायांवर उभ्या राहून, चेंडूच्या वर एकमेकींना रेटतात. हा झाला रक. रकमधल्या चेंडूला हात लावायचा नाही, रेटून किंवा पायाने तो आपल्या बाजूला मागे आणायचा. रक तयार झाला की मैदानावर दोन अदृश्य रेषा आखल्या जातात. रकमधल्या आपल्या बाजूच्या सर्वांत मागच्या पायाशी आपली रेषा. रकमध्ये नसलेल्या सगळ्यांनी त्या रेषेच्या मागे थांबायचं. पुढे आलात तर ऑफसाइड, आणि समोरच्यांना पेनल्टी. चेंडू रकमधून बाहेर पडला की रेषा पुसल्या जातात आणि मग खुशाल धावा.

म्हणजे सगळं अडून राहतं ते एका क्षणावर. चेंडू बाहेर पडला असं नेमकं कधी म्हणायचं?

आमच्या नववीतल्या एका मुलीला हा प्रश्न फार महागात पडला. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. बारीक अंगाची, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, मराठीच्या तासाला निबंध तीन ओळींत उरकणारी. मैदानावर मात्र तिला आवरणं कठीण. तिचे अब्बा रिक्षा चालवतात. संमतिपत्रावर सही करायला त्यांनी दोन आठवडे घेतले. शाळेत येऊन मला विचारलं, "टीचर, हाथ-पाँव टूटेगा तो?" मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, लागू शकतं, पण कसं पडायचं हे सर आधी शिकवतात आणि मी स्वतः मैदानावर असते. त्यांनी सही केली. आंतरशालेय स्पर्धेच्या त्या सामन्याला रिक्षा बाहेर लावून स्वतः बघायलाही आले.

सात-सातचा सामना, सात-सात मिनिटांचे दोन डाव. शेवटचं मिनिट चालू होतं. आम्ही १०-७ ने पुढे होतो. चेंडू समोरच्या संघाकडे, आमच्या गोलरेषेपासून पाच-सात पावलांवर रक झाला. त्यांची हाफ, म्हणजे रकच्या मागून चेंडू उचलून पुढे देणारी मुलगी, वाकून उभी होती. चेंडू शेवटच्या पायाशी होता आणि तिचे दोन्ही हात चेंडूवर होते, पण तिने तो उचललेला नव्हता. रेफरी आमच्या मुलींकडे बघून ओरडला, "नॉट आउट! नॉट आउट!"

आमची ही पोर रेषेवरून सुटली ती थेट त्या हाफवर. शिट्टी, ऑफसाइड, पेनल्टी. समोरच्या मुलींनी पायाने चेंडू टॅप केला, झटकन पळाल्या आणि ट्राय केला. त्याचे पाच गुण. सामना आम्ही १२-१० ने हरलो.

परतीच्या बसमध्ये बाकीच्या मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. एक जण पुटपुटली, "चीटिंग करती है, फिर सबको भुगतना पड़ता है." दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला यायची बंद झाली. मी तिला स्टाफरूमबाहेर गाठलं तेव्हा ती रडली नाही, भांडली. म्हणाली, "टीचर, मैंने सुना था. रेफरी ने नॉट आउट बोला. नॉट आउट मतलब तो खेल चालू ना?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, कारण तिचं बरोबर होतं. तिने नीट ऐकलं होतं. ज्या भाषेत ती वाढली त्या भाषेत त्या दोन शब्दांचा अर्थ तोच होता. रेफरीचंही बरोबर होतं. त्याच्या भाषेत त्याने तिला थांबवायचाच प्रयत्न केला होता. ऑफसाइडच्या नियमाला खेळाडूच्या मनात काय होतं याच्याशी देणंघेणं नसतं, ती रेषेच्या पुढे आली एवढं पुरे. ते मला मान्य आहे. पण बसमधल्या मुलींनी तिला दिलेला शब्द पेनल्टीपेक्षा जड होता, आणि तो तसाच राहू द्यायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी नियम वाचायला बसले. जागतिक संघटनेचं, म्हणजे वर्ल्ड रग्बीचं नियमपुस्तक इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. रक पंधराव्या नियमात आहे, स्क्रम एकोणिसाव्यात. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की व्याख्या अशी हवी की दुसरा प्रश्न उरू नये. त्या मापाने पंधरावा नियम मला काठावर पास वाटला. चेंडू रकच्या बाहेर गेला की रक संपतो, असं तो सांगतो. गोलरेषेवर किंवा तिच्या पलीकडे गेला तरी संपतो. पण बाहेर जाणं म्हणजे शेवटच्या पायाच्या मागे दिसणं, हाफचा हात लागणं, की जमिनीवरून उचललं जाणं? इथे खेळ रेफरींच्या रिवाजावर चालतो.

रेफरी मंडळींमध्ये एक जुनी म्हण आहे, जरा अशिष्ट आहे, पण सांगते. वरून उडणाऱ्या पक्ष्याची शिट थेट चेंडूवर पडू शकत असेल तर चेंडू बाहेर. मध्ये कुणाचं अंग, पाय आला तर चेंडू अजून आत. सरांनी ही मुलींना सांगितली तेव्हा त्या पाच मिनिटं हसत होत्या, आणि एकही विसरली नाही. माझ्या पंचवीस वर्षं जुन्या व्याकरणाच्या वहीत इतकी टिकाऊ व्याख्या एक नाही.

पण पक्ष्याची कसोटी अर्धंच काम करते. आमच्या सामन्यातला चेंडू पायांच्या अगदी कडेला होता आणि वरून हाफ वाकलेली होती. अशा वेळी बहुतेक रेफरी हाफच्या बाजूने विचार करतात. नुसता हात ठेवला म्हणजे चेंडू बाहेर आला असं धरत नाहीत. ती पायांच्या गुंत्यातून चेंडू उकरत असेल तोवर तो आतच. तिने उचलला किंवा स्पष्टपणे बाजूला काढला की मग बाहेर. एका मुलीने हे ऐकून लगेच म्हटलं, "जैसे खजूर हाथ में है, मगर अज़ान नहीं हुई." रमजानचे दिवस जवळ होते, तिला ते सुचणं साहजिक होतं. मी माझं सगळं स्पष्टीकरण खोडून टाकलं, कारण त्याची गरज उरली नव्हती.

हाफला ही सवलत आहे तशी एक बंदीही आहे, आणि मला ती फार न्याय्य वाटते. चेंडू आत असताना तो बाहेर काढल्याचं सोंग तिला करता येत नाही. रिकामे हात पास दिल्यासारखे फिरवून समोरच्यांना फसवून रेषेपुढे आणलं, तर फ्री-किक तिच्याच विरुद्ध. स्क्रमच्या वेळीही हेच. म्हणजे समोरचीने तुझ्या हातांवर विश्वास ठेवून धावायचं असेल तर तुझे हात खरं बोलले पाहिजेत.

स्क्रमचं गणित रकपेक्षा सोपं आहे. पंधरांच्या खेळात दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण बांधले जातात, हाफ मधल्या बोगद्यात चेंडू टाकतो, तो पायांनी मागे ओढला जातो. शेवटी आठ नंबरच्या पायाशी आला की त्याने तरी तो उचलायचा, नाहीतर हाफने तरी खेळायचा, आणि तिथे स्क्रम संपतो. स्क्रममध्ये नसलेले बाकीचे शेवटच्या पायापासून पाच मीटर मागे उभे. सातांच्या खेळात तर स्क्रमला तीनच जण, चेंडू येतो आणि जातो. वाद होतो तो बहुतेक रकमध्येच, कारण रक कुणी बोलावून होत नाही. धावपळीत, पडापडीत तो आपोआप होतो.

किंवा होतही नाही. इथे मला इटलीची गोष्ट सापडली आणि मी त्या रात्री पेपर तपासायचे सोडून तोच सामना बघत बसले. २६ फेब्रुवारी २०१७, लंडनचं ट्विकनहॅम मैदान, सिक्स नेशन्स स्पर्धा, इंग्लंड विरुद्ध इटली. इंग्लंड त्या काळात जवळजवळ हरतच नव्हतं. इटली हे त्या सहांतलं सर्वांत दुबळं पोर. इटलीचे प्रशिक्षक कॉनर ओशे यांनी नियमातली एक फट हेरली होती. त्या वेळच्या नियमाने रक व्हायला दोन्ही बाजूंचा किमान एकेक खेळाडू उभा राहून एकमेकांना भिडायला हवा होता. मग आपण भिडायचंच नाही! इटलीच्या खेळाडूने इंग्लंडच्या माणसाला पाडलं की बाकीचे इटालियन बाजूला सरायचे. भिडणं नाही म्हणून रक नाही. रक नाही म्हणून ऑफसाइडची रेषा नाही. आणि रेषा नाही म्हणून इटलीचे गडी चालत जाऊन इंग्लंडचा हाफ डॅनी केअर आणि त्याच्याकडून पास घेणारा जॉर्ज फोर्ड यांच्या मध्ये जाऊन उभे. पास द्यायचा कुणाला?

कबड्डी खेळलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. चढाई करणाऱ्याला कुणी शिवलं नाही, झटापट झाली नाही, तर बाजूची लॉबी मैदानाबाहेर. झटापट झाली की तीच लॉबी मैदानात. जमीन तीच, पट्टा तोच, पण स्पर्श झाला की कायदा बदलतो. खो-खोतही तसंच आहे. पाठीमागून खो मिळायच्या आधी उठलात तर फाउल, मग पळणारा अगदी हाताच्या अंतरावर का असेना. आपले मातीतले खेळ या बाबतीत अजिबात भोळे नाहीत, आणि सरांनी नंतर मुलींना ऑफसाइड शिकवला तो खो-खोवरूनच.

तर ट्विकनहॅमवर इंग्लंडचे खेळाडू पुरते गोंधळले. कर्णधार डिलन हार्टली आणि जेम्स हॅस्केल हे चक्क रेफरी रोमाँ प्वात यांना विचारायला गेले की रक करण्यासाठी आम्ही नेमकं काय करायचं. प्वात यांनी त्यांना सांगितलं की मी रेफरी आहे, प्रशिक्षक नाही. मध्यंतराला इटली १०-५ ने पुढे! दुसऱ्या डावात इंग्लंडला तोड सापडली आणि त्यांनी सामना ३६-१५ ने जिंकला, पण त्यांचे प्रशिक्षक एडी जोन्स प्रचंड चिडले होते. याला रग्बी म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा राग काही पटला नाही. दुबळ्याने पुस्तक नीट वाचलं याचा बलवानाला राग यावा, हे आपण इतरत्रही पाहतो.

पुढे काही महिन्यांतच, त्याच वर्षी, नियम बदलला. आता टॅकलनंतर एका बाजूचा एक खेळाडू जरी पायांवर उभा राहून जमिनीवरच्या चेंडूवर आला, तरी ऑफसाइडच्या रेषा तयार होतात. समोरच्याने भिडायची गरज नाही. फट बुजली. मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते एवढंच, की ट्विकनहॅमवर, आयुष्यभर हाच खेळ खेळलेल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसांना भर सामन्यात विचारावं लागलं की आत्ता नियम काय म्हणतो. मी ती चित्रफीत आमच्या संघाला स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर दाखवली. बसमध्ये पुटपुटलेली मुलगी शेवटी म्हणाली, "इनको भी नहीं मालूम था?"

त्यानंतर आम्ही कागद करायला घेतला. एका बाजूला इंग्रजी पुकारा, समोर उर्दू, समोर मराठी. काम सोपं वाटलं होतं, आणि पहिल्याच शब्दावर अडलं. 'बाहेर' चालेना, कारण रेषेबाहेर गेलेल्या चेंडूलाही मुली बाहेरच म्हणतात. सर म्हणाले, "सुटला लिहा. शाळा सुटली, बस सुटली, तसा चेंडू सुटला." मला शब्द फार आवडला. गेट समोर दिसत असलं तरी घंटा होईपर्यंत शाळा सुटत नाही, हे तर पोरींना रोजचं. शिवाय उर्दूतलं छूटना आणि आपलं सुटणं, छुट्टी आणि सुट्टी, एकाच घरच्या बहिणी. पण मुलींनी शब्द जागीच फेटाळला. "टीचर, बॉल छूटी मतलब हाथ से गिर गई." खरंच की! मराठीतही हातातून चेंडू सुटला म्हणजे कॅच गेला. रग्बीत हातातून पुढे पडणं हा वेगळाच दोष, त्याला नॉक-ऑन म्हणतात. एका गोंधळातून दुसऱ्यात गेलो असतो.

ही चर्चा वर्गात चालली होती, आणि ती शेवटच्या बाकावरची पोर सरावाला येत नसली तरी वर्गात होतीच. खाली बघत म्हणाली, "खुली लिखो ना. बॉल बंद, बॉल खुली." कुणी काही बोललं नाही. मी फळ्यावर लिहिलं. उर्दूत बॉल खुली. मराठीत त्याच्यासमोर चेंडू मोकळा. गाठ मोकळी, वाट मोकळी, केस मोकळे, आणि पायांच्या गुंत्यातून चेंडू मोकळा. मराठीच्या शिक्षिकेला याहून चांगला शब्द सापडला नसता. नॉट आउटच्या समोर आम्ही लिहिलं: बंद है, रुको. बंद आहे, थांबा. कागद सरांनी लॅमिनेट करून आणला. त्यावर त्यांनी आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: कानावर जाऊ नका, हाफच्या हातातला चेंडू वर उचलला गेला की निघा.

पुढच्या एका सामन्याला चहाच्या वेळी मी एका रेफरीला, आधीचा नव्हे, दुसऱ्या, या नॉट आउटबद्दल विचारलं. माणूस सभ्य होता. म्हणाला, आम्ही ओरडतो ते खेळाडूंना चुकीपासून वाचवायला, ते आमच्यावर बंधन नाही, सवलत आहे. मी म्हटलं, सवलत ज्याला द्यायची त्याच्या भाषेत दिली तर बरं. तो हसला. "मॅडम, सगळ्या शाळांना तेच शब्द वापरावे लागतात." खेळाचं हे उत्तर मला पटतं, शिक्षिका म्हणून पटत नाही. एरवी या खेळाचं आपल्याशी नातं काही आजचं नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९पासून ज्या चषकासाठी खेळतात तो कलकत्ता कप बंद पडलेल्या कलकत्ता फुटबॉल क्लबच्या चांदीच्या रुपयांतून बनवला आहे. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती. रुपये वितळून तिकडे गेले, शब्द मात्र तिकडचे जसेच्या तसे इकडे राहिले.

हाफला संरक्षण वाढवावं असाही एक बदल २०२५च्या सुरुवातीला चाचणीला घेतला गेला, त्यामुळे कागदाची दुसरी आवृत्ती काढावी लागेल असं सर म्हणतात. मुलगी परत आली का, असं कुणी विचारेल. आली, तीन आठवड्यांनी, न बोलावता. बसमधल्या मुलींनी माफी वगैरे मागितली नाही, सराव चालू झाला एवढंच. आता ती दहावीत आहे. अब्बांनी बोर्डाच्या वर्षाचं कारण काढून फक्त शनिवारची परवानगी दिली आहे, आणि शनिवारी तीच सगळ्यांना रेषेवर उभं करून ओरडत असते.

कागदावर एक रकाना अजून रिकामा आहे. चेंडू मिळून खेळायला मोकळा असूनही संघ वेळ काढत असेल तर रेफरी 'यूज इट' असं ओरडतो, आणि त्यानंतर पाच सेकंदांत चेंडू खेळावा लागतो. 'वापरा' लिहिलं तर साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं. 'इस्तेमाल करो' म्हणेपर्यंत पाचातले दोन सेकंद जातात. मुली सध्या नुसतं "उठा!" म्हणतात. उर्दूत त्याचा अर्थ उचल, मराठीत उभे राहा, आणि दोन्ही ऐकून हाफ चेंडू उचलते.